ईसीजीत क्यूटी लांब आला, किंवा घरातलं तरणं माणूस अचानक गेलं: सांगली-साताऱ्याकडच्या कुटुंबांनी कुठून सुरुवात करावी

विहिरीत पोहायला शिकला नाही असा मुलगा आमच्या पलूस तालुक्यातल्या गावात शोधूनही सापडणार नाही. माझा चुलतभाऊ तर दुसऱ्यांच्या पाठीला डबा बांधून त्यांना पोहायला शिकवायचा. १९९६ च्या मे महिन्यात, सोळाव्या वर्षी, त्यानं काठावरून सूर मारला आणि तो वर आलाच नाही. इतकं चांगलं पोहणारं पोरगं बुडालं कसं, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. "पाण्यानं ओढलं," एवढंच गाव बोललं. विहिरीवर नारळ फुटला आणि पुढं कैक उन्हाळे तिच्यात कुणी उतरलं नाही.

२०१७ साली माझी मुलगी शाळेच्या शर्यतीत पळताना कोसळली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मिनिटाभरात उठून बसली. कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी मारलं. एका दवाखान्यात आकडी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांनी पुन्हा तेच घडलं, तेही पळतानाच. मग मिरजेतल्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" मला विहीर आठवली. त्यांनी ईसीजी काढला आणि स्वतः पट्टी मोजायला बसले. लाँग क्यूटी सिंड्रोम. पुढं तपासण्यांत तोच दोष माझ्यातही निघाला आणि माझ्या पंच्याहत्तरीतल्या वडिलांतही. त्यांना आयुष्यात कधी साधी भोवळ आलेली नाही.

आज ज्यांच्या हातात असाच एखादा ईसीजी आहे, किंवा ज्यांच्या घरात असं एखादं कोडं पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. त्यांच्याकडं जाण्याआधी आणि तिथून परत आल्यावर काय करायचं, ते आम्ही चुकत-माकत शिकलो. तेवढं तुम्हाला सरळ मिळावं.

आधी समजून घ्या, बिघडतं काय

आपल्याकडं हृदयाचा आजार म्हटलं की नळी तुंबणं, म्हणजे ब्लॉकेज, एवढंच डोळ्यांसमोर येतं. या आजारांत नळ्या स्वच्छ असतात, झडपा ठीक असतात, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल येतो. म्हणून तर पुष्कळांना "काही नाही, घरी जा" सांगून परत पाठवलं जातं. बिघाड विजेत असतो.

हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला सूक्ष्म दारं असतात. ताकारी-म्हैसाळच्या कालव्याची दारं डोळ्यांसमोर आणा. एका दारातून सोडियम आत शिरतो आणि ठोका सुरू होतो. मग दुसऱ्या दारांतून पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. पोटॅशियमचं दार नीट उघडत नसेल तर या तयारीला वेळ लागतो. ईसीजीवर हाच वेळ क्यू पासून टी लाटेच्या शेवटापर्यंत मोजतात, म्हणून नाव क्यूटी. तयारी पुरी व्हायच्या आत पुढचा ठोका आदळला तर हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसतं थरथरायला लागतं. मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. बहुतेक वेळा ही थरथर आपोआप थांबते, माणूस उठून बसतो आणि लोक "चक्कर आली होती" म्हणून विसरून जातात. थांबली नाही तर माणूस जातो.

ही दारं कशी बांधायची याचा आराखडा जनुकांत असतो. लाँग क्यूटीत तीन जनुकं मुख्य: केसीएनक्यू-१, केसीएनएच-२ आणि एससीएन-५ए. १९९५-९६ च्या सुमारास या तिघांचा छडा लागला. साधारण तीन चतुर्थांश कुटुंबांत दोष या तिघांपैकी एकात सापडतो. लाँग क्यूटीचं प्रमाण दर दोन हजार जन्मांमागं एक असं धरलं जातं. जिल्ह्याची लोकसंख्या मनात आणा, म्हणजे आपण एकटे नाही हे कळेल.

पहिली पायरी: जे घडलं ते लिहून काढा, त्याच दिवशी

दवाखान्यात डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग कशाचा होत असेल तर बेशुद्ध पडण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचा. काय चाललं होतं? पळत होता, पोहत होता, घाबरला होता, झोपेत होता, ताप होता? हे इतकं महत्त्वाचं का, तर प्रत्येक प्रकाराची आपली वेळ असते.

केसीएनक्यू-१ चा दोष असेल, म्हणजे पहिला प्रकार, तर धोका श्रमात असतो, आणि पोहण्यात विशेष. श्रमाच्या वेळी नाडी वाढते, तेव्हा नेमकं हेच दार जास्त उघडायला हवं आणि तेच अडकलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात, केसीएनएच-२ मध्ये, अचानक आवाज घात करतो: गजर, फोनची रिंग, दारात फुटलेला फटाका. बाळंतपणानंतरचे महिनेही या प्रकारात जपायचे असतात. तिसऱ्या प्रकारात माणूस झोपेत किंवा स्वस्थ बसलेला असताना जातो.

लाँग क्यूटीशिवायही आजार आहेत. ब्रुगाडा सिंड्रोम १९९२ साली दोन ब्रुगाडा बंधूंनी मांडला. तो पुरुषांत जास्त दिसतो, रात्री झोपेत घात करतो आणि तापात उफाळतो. सीपीव्हीटी नावाचा आजार मुलांत दिसतो. त्यात स्वस्थ बसलेल्या मुलाचा ईसीजी अगदी नॉर्मल येतो आणि पळताना किंवा भावनेच्या भरात ठोके भरकटतात. तिथं ट्रेडमिलवर पळवून ईसीजी काढल्याशिवाय काही कळत नाही. उजव्या कप्प्याचा स्नायू चरबीनं झिजत जाण्याचा एक प्रकार आहे, तो जास्त व्यायाम करणाऱ्यांत लवकर वाढतो. आपल्याकडच्या तालमीतल्या पोरांनी तो ऐकून ठेवावा.

म्हणून वही घ्या. तारीख, वेळ, कुठं, काय करताना, किती वेळ बेशुद्ध, चेहरा पांढराफटक पडला की निळा, झटके आले का, शुद्धीवर आल्यावर लगेच बोलला की बराच वेळ गोंधळलेला होता. आकडीनंतर माणूस बहुधा बराच वेळ भ्रमिष्टासारखा असतो. हृदयामुळं पडलेला माणूस पटकन ताळ्यावर येतो. हा काही पक्का नियम नाही, पण खूण आहे. आणि हेही सांगतो: हृदयामुळं बेशुद्ध झालेल्यालाही झटके येतात, मेंदूला रक्त मिळत नाही म्हणून. आकडीचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा एक ईसीजी व्हायलाच हवा. आमच्या मुलीचा आठ महिने झाला नव्हता. ते आठ महिने आठवले की अजून माझी झोप उडते.

आणि कृपा करून हे प्रकरण देवऋष्याकडं नेऊ नका. नेलंच असेल, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा.

दुसरी पायरी: वंशावळ, पण लेकींसकट

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत मोठी तपासणी हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही. आपल्या भागात अजून हेळवी येतात. बैलावर बसून आलेला हेळवी दारात पोथी उघडून सात-सात पिढ्यांची नावं घडाघडा वाचतो. आमचं खानदान त्याच्या पोथीत आहे. मुलीचं निदान झाल्यावर मला वाटलं, निम्मं काम झालेलं आहे. पण त्या पोथीत आमच्या आत्या नाहीत. आजोबांच्या बहिणी नाहीत. लग्न होऊन गेलेल्या मुली वंशावळीतून पुसल्या गेल्या होत्या, आणि जनुक काही लग्न बघून थांबत नाही.

या बहुतेक आजारांत आई-बाप दोघांपैकी एकाकडून आलेली जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरते. ज्याच्यात ती आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. प्रत्येक गरोदरपणात नव्यानं ५० टक्के. चार मुलं असतील तर दोघांना येईलच असं नाही. चौघांना येईल किंवा एकालाही येणार नाही. यात सून जबाबदार, सासर जबाबदार, पाप जबाबदार, असलं काही नसतं.

तर एक मोठा कागद घ्या, कॅलेंडरची मागची बाजू चालेल. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. तीन पिढ्या तरी काढा, आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंनी. प्रत्येकासमोर लिहा: वय, हयात की नाही, गेला तर कितव्या वर्षी आणि कसा. मग पुढचे प्रश्न एकेका घरी बसून विचारा. फोनवर हे निघत नाही, चहाला बसलं की निघतं. कुणी पाण्यात बुडालं का? रिकाम्या रस्त्यावर कुणाची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली का? रात्री निजलं आणि सकाळी उठलंच नाही, असं कुणी? तान्हं मूल पाळण्यात गेलं का? कुणाला "अंगात येतं", "बाधा आहे", "फेफरं येतं" असं म्हणायचे का? जन्मतः ऐकू न येणारं कुणी आहे का?

आमच्या कागदावर असं निघालं की थोरली आत्या लहानपणी रानात पळताना बेशुद्ध पडायची. तिला वारं येतं म्हणून घरात बसवलं होतं. त्या बसवण्यानंच बहुधा ती वाचली. ती सत्तरीपर्यंत जगली. तिची मुलगी अथणीकडं दिलेली. त्या मुलीच्या मुलात आज तोच दोष आहे, आणि तो औषधावर ठणठणीत आहे. हेळव्याच्या पोथीवर विसंबलो असतो तर त्या पोरापर्यंत पोचलोच नसतो.

ऐकू न येण्याचं का विचारायचं, ते इथंच सांगतो, कारण आपल्या भागात ते फार लागू आहे. १९५७ साली नॉर्वेमध्ये जरवेल आणि लांगे-नील्सन या दोघांनी एका कुटुंबाची नोंद केली. तिथली मुलं जन्मतः बहिरी होती आणि बेशुद्ध पडून दगावत होती. या मुलांत बिघडलेल्या दोन प्रती असतात, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. तेच पोटॅशियमचं दार आतल्या कानातही काम करतं, म्हणून ऐकू येत नाही. आता आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे. एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत नवऱ्यातही आणि बायकोतही असण्याची शक्यता अशा लग्नात वाढते, आणि दोघांत असेल तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून जन्मतः बहिऱ्या मुलाला कधीही भोवळ आली असेल तर ईसीजी काढा. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी भूल द्यायची असेल तर त्याआधी नक्की काढा.

तिसरी पायरी: ईसीजी, आणि ती पट्टी जपून ठेवणं

ईसीजी आता तालुक्याच्या गावीही निघतो. काढून घेणं सोपं, वाचून घेणं अवघड. मशीन वर कोपऱ्यात क्यूटीसीचा, म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणं दुरुस्त केलेल्या क्यूटीचा, आकडा छापतं. तो प्राथमिक समजा. टी लाटेचा शेवट कुठं धरायचा यात मशीन चुकतं. डॉक्टरांना हातानं मोजायची विनंती करा, बहुधा दुसऱ्या लीडमध्ये किंवा व्ही-५ मध्ये मोजतात (पट्टीवरच्या ओळींना लीड म्हणतात, प्रत्येकीवर नाव असतं).

मोजतात कसं ते समजून घेतलं तर तुम्हाला आकड्यांची भीती वाटणार नाही. पट्टीवर खाली २५ मिमी प्रति सेकंद लिहिलेलं असेल तर एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. माझ्या मुलीचा क्यूटी ११ बारीक चौकोन, म्हणजे ४४० मिलिसेकंद होता. दोन ठोक्यांतलं अंतर चार मोठे चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद. नाडी जलद असली की क्यूटी आपोआप आखूड होतो, म्हणून बॅझेटच्या १९२० च्या सूत्रानं त्याला ठोक्यांतल्या अंतराच्या वर्गमुळानं भागतात. ०.८ चं वर्गमूळ ०.८९४. ४४० भागिले ०.८९४ म्हणजे ४९२. हाच क्यूटीसी. पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. पुन्हा पुन्हा काढून ४८० किंवा जास्त आला तर निदान पक्कं धरतात, आणि ५०० च्या वर धोका जास्त. नाडी फार जलद असताना हे सूत्र आकडा फुगवतं, म्हणून रडणाऱ्या, घाबरलेल्या मुलाचा ईसीजी शांत झाल्यावर पुन्हा काढावा.

ज्यांचा आकडा काठावर आहे त्यांना ट्रेडमिलवर चालवतात. पळणं थांबल्यावर चौथ्या मिनिटाला क्यूटीसी किती, ते पाहण्यासारखं असतं. ब्रुगाडाचा संशय असेल तर छातीवरचे वरचे लीड नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर लावून ईसीजी काढतात, आणि ताप असताना काढलेला ईसीजी सोन्यासारखा असतो.

एक घरगुती गोष्ट. ईसीजीचा कागद उष्णतेनं छापणारा असतो. तो वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो, आणि लॅमिनेशनला दिला तर काळा होतो. माझ्या वडिलांचा एक जुना ईसीजी आम्ही असाच हौसेनं लॅमिनेट करून घालवला. पट्टी हातात आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, आणि मूळ पट्टी कागदी फाइलमध्ये, उन्हापासून लांब ठेवा.

नॉर्मल ईसीजी म्हणजे सुटलो, असं समजू नका. जनुकातला दोष सिद्ध झालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांचा क्यूटीसी नॉर्मल असतो. माझे वडील त्यांतलेच.

चौथी पायरी: जनुक चाचणी, कुणाची आणि कधी

इथं पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो, म्हणून सावकाश वाचा.

चाचणी आधी त्याची करायची, ज्याच्यात आजार सर्वांत स्पष्ट आहे. आमच्यात मुलगी. तिचं थोडं रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतलं आणि ते बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेलं. अहवाल यायला काही आठवडे लागले. तिच्यात नेमका बदल सापडल्यावर बाकी सगळ्यांची फक्त त्या एका बदलाची चाचणी करायची. ती स्वस्त पडते आणि उत्तर हो किंवा नाही असं सरळ येतं. ज्यांच्यात तो बदल नाही ते मोकळे, त्यांची मुलंही मोकळी. माझ्या धाकट्या भावाला "नाही" आलं तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. त्याला वाटत होतं, आपण वाचलो आणि पुतणी अडकली.

उलट क्रमानं, म्हणजे ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसाची आधी मोठी चाचणी केली, तर "नाही" आलेल्या अहवालाला काही अर्थ राहत नाही. आणि आजार स्पष्ट असूनही चाचणीत काही सापडलं नाही, असंही चार-पाचांतल्या एकाच्या बाबतीत होतं. त्यांचा आजार खोटा ठरत नाही, औषध चालूच राहतं.

प्रयोगशाळा शंभर-दीडशे जनुकांची यादी दाखवतात. जास्त जनुकं म्हणजे जास्त चांगली चाचणी, असं समजू नका. तज्ज्ञांनी जुने पुरावे पुन्हा तपासले तेव्हा ब्रुगाडासाठी सांगितल्या जाणाऱ्या २१ जनुकांपैकी एकट्या एससीएन-५ए चा पुरावा पक्का निघाला. हे २०१८ मधलं. २०२० मध्ये लाँग क्यूटीच्या १७ जनुकांची छाननी झाली आणि नेहमीच्या लाँग क्यूटीसाठी वर सांगितलेली तीनच निर्विवाद ठरली. यादी जितकी लांब, तितके अर्थ न लागणारे बदल जास्त सापडतात.

त्याला अहवालात व्हीयूएस म्हणतात: बदल आहे, पण तो रोग करतो की निरुपद्रवी आहे हे अजून ठरलेलं नाही. अहवालात पाच पायऱ्या असतात, निरुपद्रवीपासून रोगकारकपर्यंत, आणि व्हीयूएस बरोबर मधे. त्यावरून नातेवाइकांना आजारी ठरवायचं नाही आणि कुणाला मोकळंही सोडायचं नाही. आपल्या लोकांत असे अहवाल जास्त येण्याचं एक कारण म्हणजे तुलनेसाठीची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची जमवलेली. आपल्या लोकांचे बदल आपले असतात. हृदयाच्या स्नायूच्या एमवायबीपीसी-३ या जनुकातला एक २५ अक्षरांचा तुटलेला तुकडा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळला, आणि इतरत्र तो जवळजवळ दिसत नाही.

म्हणून रक्त देण्याआधीच जेनेटिक कौन्सेलरशी, म्हणजे जनुकांच्या आजारांवर समजावून सांगणाऱ्या सल्लागाराशी, बोलणं व्हावं. सांगली-साताऱ्यात तसा माणूस जवळ नसेल तर व्हिडिओ कॉलवर बोलता येतं. अहवाल हातात आल्यावर नुसतं निदानाचं नाव वाचून गूगल करत बसू नका. अहवाल घेऊन हृदयाच्या विजेचे तज्ज्ञ असतात त्यांच्याकडं जा, इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट. आमच्यासाठी ते पुण्याला होते.

पाचवी पायरी: गोळी, आणि ती न चुकवणं

लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटी या दोन्हींत मुख्य औषध बीटा-ब्लॉकर, म्हणजे श्रमाचा आणि भीतीचा हृदयावरचा मारा कमी करणाऱ्या गोळ्या. त्यांतही सगळे सारखे नाहीत. लाँग क्यूटीत नॅडोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल यांच्यावर तज्ज्ञांचा भरवसा जास्त, मेटोप्रोलॉल त्यामानानं कमी पडतं. मेडिकलवाल्यानं "हे नाही, त्याच जातीचं दुसरं देतो" म्हटलं तर घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. दमा असेल तर तो आधीच सांगा. गोळी एकदम बंद करणं धोक्याचं. गावी जत्रेला जाताना, सहलीला जाताना, लग्नाला जाताना आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या पिशवीत असू द्या. लहान मूल ही गोळी घेत असेल तर त्याला उपाशी ठेवू नका, साखर खाली जाते. घरात चतुर्थीचा कडक उपास असेल तरी त्याला वेळेवर खायला द्या. पोरगं उलट्या करतंय, खात नाही, तर वाट न बघता डॉक्टरांना विचारा.

गरोदर बाईनं गोळी मनानं सोडायची नाही. बाळंतपण जिथं होणार तिथल्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आधी कागद दाखवा.

छातीत बसवायचं आयसीडी यंत्र सर्वांना लागत नाही. हृदय एकदा थांबून परत आलेल्यांना, किंवा औषध चालू असूनही बेशुद्ध पडणाऱ्यांना त्याचा विचार करतात. पेसमेकर आणि ते एक नव्हे: आयसीडी जिवावर बेतलेली लय ओळखून आतून शॉक देतं. बसवल्यावर वेल्डिंगपासून लांब राहायला सांगतात, म्हणून कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. खर्चाचा प्रश्न आला की दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

पोहणं आम्ही बंद केलं. मुलगी अजून विहिरीकडं बघते. एकट्यानं तर नाहीच नाही. बाकी खेळ किती आणि कसे, ते तज्ज्ञ आता प्रत्येकाचं बघून ठरवतात, सरसकट घरात कोंडत नाहीत. तिला चालायला आणि सावकाश सायकल चालवायला परवानगी आहे. दुसऱ्या प्रकारच्या घरांत उशाजवळचा गजर आणि फोनची कर्कश रिंग काढून टाकतात.

सहावी पायरी: पाकिटातली चिठ्ठी

आपल्याकडं ताप-खोकला-जुलाब झाला की जवळच्या डॉक्टरांकडं सुई घ्यायची पद्धत. लाँग क्यूटीच्या माणसाला अशी काही साधी वाटणारी औषधं चालत नाहीत: अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठीचं ऑनडॅनसेट्रॉन आणि डॉमपेरिडोन, बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल, मलेरियासाठीचं क्लोरोक्विन, हॅलोपेरिडॉल, एसिटालोप्रॅम. ही यादी पुरी नाही. क्रेडिबलमेड्स नावाच्या संकेतस्थळावर ती सतत नवी होत असते, तुमच्या डॉक्टरांना ते माहीत असेल. दोष असलेल्या पण कधीच त्रास न झालेल्या माणसानंही ही औषधं टाळायची, माझ्या वडिलांनीसुद्धा.

आम्ही एका जाड कागदावर आजाराचं नाव, चालू गोळी, न चालणाऱ्या औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात आणि मुलीच्या दप्तरात ठेवलाय. नवा डॉक्टर दिसला की तोंड उघडण्याआधी तो कागद पुढं करायचा. एकदा एका डॉक्टरांनी तो वाचून भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

उलट्या-जुलाबात पोटॅशियम उतरतं आणि त्यानं धोका वाढतो. ओआरएस लगेच सुरू करा. दोन-चार जुलाबांनंतरही थांबत नसेल तर दवाखान्यात जाऊन रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा. ब्रुगाडाच्या घरात यादी वेगळी असते, आणि तिथं ताप हाच शत्रू: अंग तापल्याबरोबर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल.

सातवी पायरी: हात छातीवर ठेवायला शिका

माणूस पडला, हलवून हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नाही किंवा मधूनच आचके देतोय: तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि तुम्ही छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाची पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. उसाच्या रानातल्या वस्तीवर गाडी यायला वेळ लागणार, तोवर तुमचे हात हेच त्याचं हृदय. आमच्या घरात बारा वर्षांच्या पुतण्यापासून आईपर्यंत सगळ्यांनी उशीवर सराव केलाय. शाळेत वर्गशिक्षिका आणि खेळाच्या सरांनाही दाखवलं.

भावकीला सांगणं

ही पायरी मला सर्वांत जड गेली. "पोरीचं लग्न व्हायचंय, हे कशाला उकरून काढतोस?" असं मला सख्ख्या काकूनं विचारलं, जिचं पोरगं त्या विहिरीत गेलं. तिच्यावर मी रागावलो नाही. तिला इतकंच म्हणालो, "काकू, तुझ्या थोरल्याला दोन मुलं हायत." ती गप्प बसली. चार दिवसांनी त्या दोघांना घेऊन ती स्वतः मिरजेला आली. एकात दोष निघाला.

सांगताना ग्रुपवर टाकू नका. एकेका घरी जा, एक पानाचं पत्र न्या, त्यात आजाराचं नाव, सापडलेला नेमका बदल आणि कुठं तपासायचं ते लिहा. डॉक्टर किंवा कौन्सेलर असं पत्र तयार करून देतात. दुसऱ्याच्या तपासणीचा निकाल त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू नका. सोयरीक ठरताना आम्ही काय करणार, असं विचारलं तर माझं उत्तर ठरलंय: सांगणार. गोळी रोज घ्यायची आहे, ती लपवून घेता येत नाही.

ज्यांच्या घरात मृत्यू आत्ताच झालाय

हे वाचायची ती वेळ नसते, म्हणून शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी, गावातल्या जाणत्यांनी वाचून ठेवावं. चाळिशीच्या आतलं निरोगी माणूस अचानक गेलं तर शवविच्छेदन टाळू नका. हृदय दिसायला ठीक निघालं आणि मृत्यूचं कारण सापडलं नाही, तर संशय विजेच्या आजारावर जातो. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या पाण्यात विषतपासणीसाठी पाठवतात. जनुकांसाठी वेगळं काही लागतं: पाच ते दहा मिली रक्त ईडीटीएच्या नळीत, थंड ठेवलेलं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यातून नीट डीएनए मिळत नाही. डॉक्टरांकडं ही विनंती त्याच वेळी करावी लागते, अंत्यसंस्कारानंतर वाट उरत नाही. १९९६ साली आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या चुलतभावाच्या नावापुढं आमच्या वंशावळीत आजही प्रश्नचिन्ह आहे.

नंतर त्याच्या आई-वडिलांचे, भावंडांचे आणि मुलांचे ईसीजी काढा, महिनाभराच्या आत. सगळ्यांचे एकाच दिवशी काढले तर बरं, घरातले लोक एकमेकांच्या आधारानं येतात.

दरवर्षी काय

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून जातो. ईसीजी, मुलीचं वजन, गोळीची मात्रा, पाकिटातल्या चिठ्ठीवर नवी औषधं. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि उंची वाढायच्या वयात वजन भराभर बदलतं. आमच्या मुलीची मात्रा बारा ते पंधरा या वयात तीनदा बदलावी लागली. व्हीयूएस असेल तर दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा, अर्थ बदललाय का. वंशावळीच्या कागदावर नवं बाळ आलं की चौकोन किंवा गोल काढा आणि त्याच्यासमोर ईसीजीची तारीख लिहा. आमच्या कागदावरचा शेवटचा गोल अथणीच्या घरातला आहे, चार महिन्यांचा. तिचा ईसीजी पुढच्या बुधवारी.